दाजींनी पाहिलेला करकोचा

"दाजी, उठा! आलाय तो!" पाववाला फाटकातूनच ओरडला. हाताला पीठ, भुवयांना पीठ. भट्टी तशीच पेटती टाकून पळत आला होता.

दाजी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मान वळवायचीसुद्धा तसदी घेतली नाही. "कोण, मेहुणे का? सकाळी सकाळी कुणाला टोपी घालायला निघालात?"

"काळा करकोचा! जुन्या तळ्यावर!"

ताई चहा घेऊन बाहेर आली. ही पाववाल्याची थोरली बहीण, दाजींची बायको. तिने कप नवऱ्याच्या हातात नीट बसवला. "गरम आहे हो," म्हणाली.

थंडी सरली की पाखरं उत्तरेला निघतात, आणि वाटेत दोन घटका त्या तळ्यावर टेकतात. गावात पाखरं बघायचं वेड सगळ्यांनाच. पण शेवटचा शब्द दाजींचा. दाजी शिंपी. त्यांच्या दुकानाच्या भिंतीवर गावात दिसलेल्या प्रत्येक पाखराचं नाव रंगवलेलं, आणि खाली ज्याने पहिल्यांदा पाहिलं त्याचं. नियम एकच. दाजींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय भिंतीला ब्रश लागायचा नाही.

फार वर्षांपूर्वी पाववाल्याला काळा करकोचा दिसला होता. दाजी पोचेपर्यंत पाखरू पसार. तेव्हा भरल्या दुकानात दाजी म्हणाले, "मेहुणे, भट्टीच्या धुरात बगळासुद्धा काळा दिसतो." दुकान हसलं. तेव्हापासून गाव त्याला 'धूरबगळा' म्हणायला लागलं. "धूरबगळे, चार पाव द्या!" तोही हसायचा. हसण्यावारी नेलं तरी कुसळ ते कुसळच. परवा तर नातीने विचारलं, "आजोबा, तुम्ही थापा मारता?"

"कधीच नाही गं," तो म्हणाला. तिला काही ते पटलेलं दिसलं नाही.

दाजींनी आता शिवणयंत्र विकलं होतं. पाठ धरते म्हणाले. पण भिंत तिथेच होती, आणि नियमही.

"कसा आहे, सांग बघू," दाजी म्हणाले.

"चोच लाल भडक, पाय लाल. पोट पांढरं. पाठ काळी, पण उन्हात हिरवी, जांभळी झाक मारते. एका पायावर उभा आहे."

"हं. ऐक जरा. तारेवर पाकोळ्या आल्यात. पलीकडच्या कौलावर धोबी पक्षी बोलतोय. खरं पाखरू आपण कोण ते आपणहून सांगतं."

"हा नाही सांगत, दाजी. हा मुका."

दाजींचा कप ओठांपाशी थांबला. "हो. मुकाच असतो तो." मग म्हणाले, "माझे गुडघे दुखतात रे. राहू दे आज."

पाववाल्याचा आवाज चढला. "राहू दे? त्या दिवशी माझी लाज काढायला गुडघे दुखले नाहीत ते? आज आला नाहीत, तर ह्या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही."

"दुर्बीण आण गं," दाजी शेवटी ताईला म्हणाले.

कारखान्यामागच्या वाटेने तिघं निघाले. ताई पुढे, तिच्या खांद्यावर हात ठेवून दाजी मागे. "बांध निसरडा आहे," ताई म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

"चला की लवकर! नव्या नवरीसारखे काय चालता!"

"तुझ्या बहिणीला इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुढे चालायला मिळालंय. मिरवू दे जरा."

पाववाला बांधावर चढला आणि जागीच थांबला.

होता. पडक्या भिंतीच्या डावीकडे, चिखलात, एका पायावर. ऊन पाठीवर पडलं आणि ओल्या डांबरावर तेल सांडावं तसे रंग उमटले. एवढंसं शेवाळलेलं तळं, काठाला फुटके डबे, आणि ह्याने कुठले कुठले डोंगर ओलांडून इथे पाय टेकावा! ताईने नकळत हात जोडले.

"कुठे?" दाजींनी विचारलं.

"समोर. पडक्या भिंतीच्या जरा डाव्या हाताला."

दाजी सदऱ्याच्या टोकाने दुर्बीण पुसायला लागले. सावकाश. जन्मभर कापड हाताळलेली बोटं ती. पाववाला नुसता तळमळत होता. तेवढ्यात रस्त्यावर ट्रकचा हॉर्न कर्कश वाजला. ताईचा हात तोंडावर गेला, मान वर झाली. पाववालाही आभाळाकडे तोंड करून खिळल्यासारखा उभा राहिला.

"शू! गप्प," दाजी म्हणाले. "बघू दे मला."

त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. मग त्यांच्या गळ्यातून कधी ऐकला नव्हता असा आवाज आला.

"अहाहा रे! काय ती चोच. लाल भडक. आणि पाठीवरची झाक... हिरवी, जांभळी. एका पायावर उभा आहे लेकाचा, राजासारखा."

दुर्बिणीखालून पाणी ओघळून मिशीत शिरलं.

"चुकलो रे मी. तेव्हाही तू खरंच बोलत होतास. चल, आज भिंतीवर तुझं नाव काढू. आणि नातीला सांग, दाजीआजोबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला."

पाववाल्याने तोंड उघडलं. ताईने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"जागचा हललासुद्धा नाही बघ," दाजी म्हणाले. "हो ना, मेहुणे?"

पाववाल्याने समोर पाहिलं. पडक्या भिंतीपाशी नुसता चिखल होता, आणि त्यात बोटांचे ओले ठसे. करकोचा हॉर्नसरशीच उडून कारखान्याच्या धुराड्यापलीकडे गेला होता. आणि पाववाल्याने आयुष्यातली पहिली थाप मारली.

"नाही दाजी. तसाच उभा आहे."