अव्वाचा गुलाबी ग्लास

अव्वाला तपासून झाल्यावर डॉक्टरांनी तिच्या नातीला, सुष्मिताला दाराबाहेर बोलावलं. "आज त्या शुद्धीवर आहेत. उद्याचं सांगता येत नाही. मागतील ते द्या."

अव्वानं मागितलं ते ऐकून सुष्मिताच्या वडिलांच्या, अप्पांच्या हातातला साबुदाण्याच्या पेजेचा चमचा तसाच राहिला. "सुष्मे, तुझ्या पुण्याच्या घरी तुमी समदी हसत गुलाबी काय पीत होता गं? तवा मी नगं म्हटलं. कसं लागतं ते?"

दारूच्या दुकानाची पायरी जन्मात न चढलेले अप्पा लक्ष्मीपुरीच्या बाजारातून जिन आणि स्पार्कलिंग वाइन घेऊन आले, लग्नाच्या बस्त्याच्या पिशवीत लपवून. सुष्मितानं स्ट्रॉबेरी कुस्करली, लिंबू पिळलं, पाक आणि जिन घातली. फेसासाठी अंड्यातला पांढरा भाग लागतो, पण या लिंगायत घरात अंडं कधीच आलं नव्हतं. म्हणून तिनं हरभरे शिजवले, त्यांचं पाणी गार करून घातलं आणि स्टीलचा डबा घट्ट धरून खळाखळा हलवला. ग्लासात ओतून वर वाइन सोडली, तसा फेस काठापर्यंत चढला.

अव्वानं उशीवरून मान उचलली. "अंडं न्हाय न्हवं घातलंस?"

"न्हाय अव्वा. हरभऱ्याचं पाणी हाय."

ओठांशी नेलेला ग्लास अव्वानं हळूच परत दिला.



"दारूचं मी महादेवासंगट बघून घीन गं. पण आज सोमवार, उपासाला हरभरा कसा चालंल? उद्या कर की."