दाराबाहेरचे बूट
चार पैसे जास्त मिळतील म्हणून मी इथे परदेशात, एडिसन गावातल्या दुकानातली नोकरी सोडून डे-केअरमध्ये लागले, तर पगाराचे नवे कागद तपासून होईपर्यंत घरभाड्याची सरकारी मदतच थांबली. भाडं थकलं. शेवटी चौकशीला त्या मदतीच्या ऑफिसातली बाई आली आणि दाराबाहेरच थबकली. “फॉर्मवर तुम्ही एकट्या. मग हे पुरुषाचे बूट कुणाचे?” मी एक बूट उचलून तिच्या हातात दिला. “कुणाचेच नाहीत. शेजारच्या काकू म्हणाल्या, एकटी राहतेस, दाराशी पुरुषाचे बूट ठेव, रोज जरा हलवत जा.” तिने बूट उलटा केला. कोऱ्या तळाला सेलचं स्टिकर तसंच होतं. “म्हणजे कुणीच येत नाही?” “तुम्हीच पहिल्या.” तिने मान खाली घालून फॉर्मवर सही केली. “या आठवड्यात मदत सुरू होईल.” ती गेल्यावर बूट जागेवर ठेवले. मग सवयीने डावा थोडा तिरका केला, आत्ताच कुणीतरी घरी आल्यासारखा.