गाडी गप हाय

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी धनपाल मगदूम यांची पांढरी मोटार हायवेलगतच्या सर्व्हिस सेंटरमध्ये शिरली. गाडीची तीन वर्षांची वॉरंटी त्याच दिवशी संपत होती. आणखी दोन वर्षांची हवी असेल तर सहाच्या आत सही करायची होती.

धनपाल यांना ती नको होती. कबनूरमध्ये चाळीस वर्षं त्यांनी यंत्रमाग चालवले. चोवीस मागांच्या खडखडाटात पुढच्या तासाभरात कुठला बंद पडणार, हे ते दारात उभे राहून सांगत. कारखाना आता मुलगा बघतो.

"मशीन बंद पडायच्या आधी बोलतंय," ते काउंटरवरच्या मोनाला म्हणाले. "कान पायजे. कान हाय तर चौदा हजार कशाला घालायचं?"

मोना फॉर्म भरता भरता म्हणाली, "सर, रस्त्यात बंद पडली तर उचलून आणतात. तुम्ही लांब जाता का गाडी घेऊन?"

"बरोबर हाय तुमचं," धनपाल म्हणाले.

शेजारच्या खुर्चीतून त्यांच्या पत्नी त्रिशला पुढे वाकल्या. "बाळ, त्यांच्याकडं बघून बोल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग स्वतःच उत्तर दिलं. "लेक चंदगडला मास्तरीण हाय. दर पंधरवड्याला जातो आमी दोघंच. घाटात फोन लागत न्हाय."

कुणी खाली बघून बोललेलं धनपाल यांना वर्षभर कळत नव्हतं. ओठ दिसले तर सगळं कळे. घरात हे कुणी बोललं नव्हतं.

वॉरंटी वाढवण्याआधी गाडी तपासावी लागते. मेकॅनिक आदर्शने बोनेट उघडलं आणि इंजिन चालू केलं. ग्राहकांनी जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबायचं असतं. धनपाल पट्टा ओलांडून आदर्शशेजारी जाऊन उभे राहिले. आयुष्यात चालू मशीनपासून लांब ते कधी उभे राहिले नव्हते.

इंजिनच्या एका बाजूने खरखर येत होती. काउंटरपर्यंत ऐकू येईल इतकी.

"अण्णा, ही खरखर कवापासनं?" आदर्शने बोनेटमध्ये डोकं घालून विचारलं.

धनपाल इंजिनकडे कौतुकाने बघत होते. "बघितलास?" ते म्हणाले. "तीन वर्सं झाली. गाडी कशी गप हाय."

आदर्शने डोकं बाहेर काढलं. त्याने मोनाकडे बघितलं. मोनाने फॉर्मकडे.

त्रिशला उठल्या. पिवळा पट्टा ओलांडून नवऱ्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"खरखरतीया," त्या म्हणाल्या.

"काय?"

"गाडी खरखरतीया. पंधरा दिस झालं."

धनपाल यांनी इंजिनकडे बघितलं, मग बायकोकडे. "मग सांगितलं न्हाईस ते?"

"तुमी गाडी चालवताय आणि गप. मला वाटलं, तुमी ऐकलासा आणि काय नसंल म्हणून गप हायसा."

धनपाल यांनी शर्टाची बाही वर सारली आणि गाडीच्या पुढच्या पत्र्यावर पंजा टेकवला. मागाच्या सांगाड्यावर टेकवतात तसा, बोटं पसरून. डोळे मिटले. हात एक वीत सरकवला. पुन्हा टेकवला.

"इंजिनच्या पट्ट्याच्या पुलीचं बेअरिंग," ते म्हणाले. "इंजिन बंद कर. बघ."

आदर्शने इंजिन बंद केलं, पट्टा उतरवला आणि पुली बोटाने फिरवली. ती किरकिरत फिरली.

"अण्णा, हात लावून कळलं?"

धनपाल त्याच्या तोंडाकडेच बघत होते. "हाताला म्हातारपण आलेलं न्हाय अजून," ते म्हणाले.

"आज आलासा म्हणून फुकट बदलून मिळंल," आदर्श म्हणाला. "उद्या आला असतासा तर खिशातनं."

तेवढ्यात पलीकडे कॉम्प्रेसर सुरू झाला. एका गाडीची चाकं खोलायला घेतली होती. त्या आवाजात ओरडल्याशिवाय बोलणं शक्य नव्हतं. नवराबायको मात्र गाडीच्या मागे जाऊन बोलू लागले. आवाज नाही, नुसते ओठ आणि मधून मधून बोटं. माग चालू असताना कारखान्यात असंच बोलतात. त्रिशलांनी त्याच कारखान्यात वीस वर्षं सुताच्या कांड्या भरल्या होत्या.

मोना फॉर्म घेऊन आदर्शजवळ आली. "काय चाललंय त्यांचं?" तिने ओरडून विचारलं.

आदर्श कबनूरचाच. त्याची आई अजून मागावर जाते. तो गाडीच्या टपावरून बघत राहिला.

"काकू म्हणत्यात, वॉरंटी घेऊया. पण जाताना कानाच्या डॉक्टरकडं थांबायचं."

"आणि सर?"

"सर म्हणत्यात, कानाला मशीन कशाला? तुझ्याच तोंडाला बसवूया. तुला ऐकू येतंय आणि पंधरा दिस गप बसतीस."

"अरे, पण सही करणार का?"

"थांब की. काकू हातावर हात मारून काय तर मोजाय लागल्यात. कुकरच्या शिट्ट्या... दारावरची बेल... नातवाचं रडणं. सरांना ऐकू येत न्हाय ते सगळं."

"मग?"

"मग सर म्हणत्यात, 'एवढं?'"

पाच वाजून चोपन्न मिनिटं झाली होती. सहीची जागा कोरीच होती. त्रिशला मध्येच कशाला तरी हसल्या आणि त्यांनी तोंडावर पदर धरला. धनपाल यांनी तो दोन बोटांनी खाली ओढला आणि त्यांच्या ओठांकडे बघत उभे राहिले.

त्रिशला काय म्हणाल्या, ते आदर्शला दिसलं नाही. धनपाल मध्ये आले होते.