डावा स्पीकर

गाडीच्या डाव्या दाराचं कव्हर शरदने पुन्हा एकदा उघडलं. स्पीकरच्या दोन्ही वायरी नव्याने सोलल्या, पिळल्या, त्यांवर टेप गुंडाळली. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून त्याने गाणं लावलं. उजव्या दारातून तबला खणखणीत वाजला. डावीकडून मात्र कुणी पलीकडच्या गल्लीत गुणगुणावं, तेवढंच काहीतरी.

"मनू, वाजतोय का ग हा?"

मनोरमाने कपडे वाळत घालता घालता खिडकीतून डोकं आत घातलं. "मस्त वाजून राहिला आहे."

ती आपली समजूत काढते आहे, हे शरदला कळलं. नवऱ्याचा उद्योग लवकर आटपावा म्हणून बायका असं म्हणतात, एवढा संसार त्याचाही झाला होता.

वीज खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाला दोन वायरी धड जोडता येऊ नयेत, ही तशी नामुष्कीच. पण खरी चिंता वेगळी होती. ही लाल, दोन सीटांची, हाडं खिळखिळी झालेली स्पोर्ट्स कार त्याने निवृत्तीनंतर घेतली ती मनोरमाला शेजारी बसवून भटकायला. दिवाळीत दर रविवारी घरून, राजेंद्र नगरहून निघाली, की मानपूर गाव येईपर्यंत तिच्या तोंडाला विसावा नसायचा. बेटम्याच्या बहिणीपासून भाजीवालीच्या सुनेपर्यंत सगळे विषय व्हायचे. मग थंडीत दोघंही आळीपाळीने तापाने झोपली. बरी झाली, आणि तेव्हापासून गाडीतली बडबड थांबली.

घरात सगळं ठीक होतं. जेवताना बोलायची, टीव्हीसमोर बोलायची. गाडीत बसली की गप्प. गाडी तिला आवडत नसणार, किंवा घेताना आपण तिला विचारलं नाही याचा राग असणार. विचारायला शरदची जीभ रेटत नव्हती. रात्री याच विचारात तो उजव्या कुशीवर वळायचा आणि चिंता असूनही गाढ झोपी जायचा, कॉलनीतल्या कुत्र्यांची भुंकाभुंकही आताशा त्याला उठवत नसे.

फोन वाजला. ग्रीस लागलेल्या बोटांनी त्याने तो कानाला लावला. परेश होता, मागच्या गल्लीतला. गाडीवर त्याचा पहिल्यापासून डोळा.

"काका, शाम को येतो चाबी घ्यायला. फाइनल समजू ना?"

"एक चक्कर मारून येतो भिया, मग सांगतो."

आजचा फेराही मुक्यानेच झाला, तर गाडी परेशची. शरदने मनाशी ठरवून टाकलं होतं. त्याला गाडी नको होती, तिची बडबड हवी होती, आणि ती नसेल तर हे लाल धूड दारात ठेवून करायचं काय?

आता राहिला खटका. खड्डा आला की उजव्या चाकापाशी खट् व्हायचं. उजवीकडचे रबरी बुश त्याने बदलले, शॉकअब्सॉर्बर बदलला, एकेक नट आवळून पाहिला.

"मला तर माझ्याच बाजूने ऐकायला येतं," मनोरमा म्हणाली होती. शरदने मान डोलावली होती, भांडण नको म्हणून. आज त्याने पुन्हा उजवंच चाक काढलं. शेवटचा नट आवळताना पाना सटकला आणि डावं मनगट मुरगळलं. त्यावर पट्टी बांधून दोघं निघाली.

दुपार कलली होती. गव्हाच्या शेतांवरून पिवळट ऊन सांडत होतं आणि वारा त्या उन्हाचा वास घेऊन गाडीत शिरत होता. पुढे पळस फुलला होता, सगळं टेकाड केशरी. रस्ता पोहत जावा तसा खालून निघून जात होता. शरद समोर बघत गाडी चालवत राहिला. शेजारून एक शब्द आला नाही. मानपूर आलं. त्याने चहाच्या टपरीसमोर गाडी थांबवली.

चहा पिऊन उठताना मनगट टम्म फुगलेलं दिसलं. गिअर टाकणं शक्यच नव्हतं.

"सरका तिकडे," मनोरमा म्हणाली. "मी चालवते."

"तुला कुठे येते?"

"पलकच्या गाडीवर सीखले ना."

पलक म्हणजे शेजारची मुलगी. शरद डाव्या सीटवर बसला. मनोरमाने पदर खोचला, गाडी अलगद रस्त्यावर घेतली आणि बोलायला लागली. पळसाबद्दल, बहिणीच्या गुडघ्याबद्दल, पलकच्या लग्नाबद्दल. शरद डोळे मिटून ऐकत होता. इतके महिने उपाशी होतो, असं त्याला वाटलं. डोळे भरून आले, ते त्याने पुसलेही नाहीत. गाडी विकायची नाही, हे आज परेशला सांगायचं होतं.

"मनू, इतके दिवस गाडीत गप्प का असायचीस ग?"

मनोरमाने मागच्या ट्रकला वाट दिली. "मी? अहो, दर रविवारी मीच बोलत असते. आत्ता येतानाही बोलतच होते. मला गाडी शिकवा म्हणून किती पीछे लागले तुमच्या. तुम्ही आपले समोर बघत बसायचे. मग पलकला म्हटलं, तूच शिकव बाई."

"काहीतरीच तुझं."

खड्डा आला. धक्का शरदच्या तळपायांखाली बसला, पण खट् आवाज तिच्या पायांपाशी झाला. गाणंही तिच्याच बाजूने येत होतं. शरदने स्वतःच्या बाजूच्या स्पीकरवर तळवा ठेवला. जाळी तबल्याच्या ठेक्यावर थरथरत होती.

त्याने उजव्या कानात बोट घातलं. गाणं, इंजिन, मनोरमा, सगळं एकदम बंद झालं.