घंटेची चाचणी

"घंटेची चाचणी झाली, अण्णा. मी घेतली. तुम्ही बसा."

खंडोजीनं खुर्ची पुढे सरकवली. बिंदुमाधव बसला. बायकोचा तेरावा आटोपून तो आज पहिल्यांदाच सबस्टेशनवर आला होता. टोपीखाली नुकते उगवू लागलेले केस टोचत होते.

पाळीवर येणाऱ्यानं आधी पॅनेलवरचं पिवळं बटण दाबायचं, भिंतीवरची घंटा आपल्या कानांनी ऐकायची आणि मगच जाणाऱ्याला सोडायचं, हा रिवाज तिथं बिंदुमाधवनंच पाडला होता. दुसऱ्यानं घेतलेली चाचणी त्यानं कधी मानली नव्हती. आज त्याचा हात बटणाकडे गेला नाही. घंटा ऐकावी लागली नाही, याचं त्याला बरंच वाटलं.

खिडकीबाहेर यार्डात दुपारचं ऊन होतं. शिवाप्पा दोन नंबरच्या ट्रान्सफॉर्मरपाशी उकिडवा बसून खाली ओघळलेलं तेल पुसत होता.

"काफी घ्या स्वल्प," खंडोजी पाठमोरा होऊन पेल्यात ओतू लागला. "घरून आणलीय. तुमचा डबाही दिलाय हिनं. नाही म्हणायचं नाही."

बिंदुमाधवनं पेला घेतला आणि सवयीनं पॅनेलवरून नजर फिरवली. दोन नंबरची लाल पट्टी खाली पडली होती.

ट्रान्सफॉर्मर फुटायच्या बेतात असला, त्याच्या पोटात वायू साचू लागला की ही पट्टी पडते आणि घंटा वाजू लागते. माणूस उठून बंद करीपर्यंत ती वाजत राहते. पट्टी पडली होती. घंटा वाजली नव्हती.

पेला कधी सुटला ते त्याला कळलं नाही. "शिवाप्पा! पळ तिथून! फाटकाकडे पळ!" खिडकीतून ओरडत त्यानं दोन नंबरचा प्रवाह तोडणारं हँडल फिरवलं. बाहेर धाडकन आवाज झाला आणि रात्रंदिवस कानात असणारी ट्रान्सफॉर्मरांची घरघर निम्म्यानं कमी झाली. फडकं हातात घेऊन शिवाप्पा फाटकाशी उभा होता.

लगेच फोन वाजू लागला. शिवाजीनगरातले लेथ थांबले होते, पिठाच्या गिरण्या थांबल्या होत्या. "होय स्वामी, करंट गेलाय. स्वल्प ताळि, थोडं थांबा," खंडोजी सांगत होता.

थोड्या वेळानं शिवाप्पा ट्रान्सफॉर्मरवरची वायू दाखवणारी काच बघून आत आला.

"निम्म्याहून जास्त वायू भरलाय, अण्णा. आणि मी खाली बसून पदं म्हणत होतो!" तो हसला. "वाचवलंत. नाहीतर आज आमची कारभारीण…" त्याची नजर बिंदुमाधवच्या टोपीवर गेली. हातातलं फडकं उगाच पिळत तो म्हणाला, "मी फाटकाशी आहे." आणि निघून गेला.

बिंदुमाधवनं पॅनेलवरचं घंटा बंद करायचं बटण दाबलं, स्टूल ओढलं, त्यावर चढून घंटा पाहिली. हातोडी आणि वाटी यांच्यामध्ये चिंधी होती. जुन्या लुगड्याची, धुतलेली, नीट घडी करून बसवलेली.

खंडोजीनं फोन खाली ठेवला.

"मीच घातली, अण्णा. आजारपणात अक्कांच्या उशाशी पण घंटा होती ना… म्हटलं पहिला दिवस आहे, हा आवाज ऐकून तुम्हाला… आजच्यापुरतीच. पॅनेलवर डोळा होता माझा, देवाशप्पथ. काफी ओतायला तेवढा वळलो."

बिंदुमाधवनं चिंधी ओढून काढली. चिंधी हातात घेऊन तो खाली उतरला आणि स्टुलावरच बसला.

"शिव्या द्या, अण्णा. साहेबाला सांगा. पण असे गप्प बसू नका."

"देवघरातली घंटा होती ती," बिंदुमाधव म्हणाला. "मीच ठेवली होती उशाशी. दम लागला की वाजव म्हटलं होतं. रात्रपाळी करून मी दिवसा पलीकडच्या खोलीत झोपायचो. त्या दिवशी उठलो, तर घंटा तिच्या हातात होती."

खंडोजी उभाच राहिला.

"लोलकाला तिनंच चिंधी बांधलेली. कूस बदलताना धक्का लागून वाजली तर माझी झोप मोडेल, म्हणून." त्यानं हातातली चिंधी उलगडली, परत घडी केली. "गाठ अर्धी सोडली होती तिनं. अर्धीच सुटली."

फोन पुन्हा वाजला. तो कुणीच उचलला नाही. वाजून वाजून बंद पडला.

मग बिंदुमाधव उठला. चिंधी त्यानं कोटाच्या खिशात घातली, पॅनेलपाशी गेला आणि पिवळं बटण दाबलं. घंटा कर्कश वाजू लागली. टेबलावरचा डबा थरथरला. खंडोजीनं मान खाली घातली.

"झाली, अण्णा," थोड्या वेळानं तो म्हणाला. "चाचणी झाली."

बिंदुमाधवनं बटणावरचं बोट काढलं नाही. खिडकीकडे तोंड करून त्यानं हाक मारली, "शिवाप्पा, ऐकू येतंय का रे?"

"येतंय, अण्णा!" फाटकापासून उत्तर आलं. "चांगलं येतंय!"

"परत एकदा सांग," बिंदुमाधव म्हणाला.