ताईचं पान

थोरलीच्या बातम्यांच्या वेबसाइटवर सरकारनं बंदी घातल्यापासून आई धाकटीच्या मागेच लागली होती. "मला ताईचं लिहिलेलं दाखव ना." धाकटीनं ओळख लपवणारा ब्राउझर टाकला, बंदी चुकवणारा ब्रिज जोडला, पान उघडलं. परदेशी निसटलेल्या ताईचा हसरा फोटो बघून धाकटीच्या पोटात दुखलं. आईची औषधं, डॉक्टर, अंघोळ हिनं सांभाळायची आणि आईनं झुरायचं मात्र ताईसाठी! आईनं बघायच्या आत तिनं पान बंद करून ब्रिज काढला. "नाही उघडत." "यात तुला कुणी पकडणार नाही ना?" आईनं विचारलं. "पकडतीलही." आईनं लॅपटॉप मिटला. "मग राहू दे. एक लेक लांब गेली, तुला नाही गमवायचं." धाकटीला मान वर करवेना. "नाही पकडणार कुणी," म्हणत तिनं लॅपटॉप उघडून ब्रिज परत जोडला. आई वाचताना रडली. धाकटीला ते अजूनही बघवत नव्हतं, तरी तिनं अक्षरं मोठी करून दिली.