काळ्या गोलाखाली

सूर्यभान जमादारांच्या सरावाचे सर्व छरे पुन्हा एकदा निशाणाच्या काळ्या गोलाच्या वर, कोऱ्या कागदात जाऊन बसले. मैदानात हशा पिकला. जमादारांनी हवेचे पिस्तूल मेजावर ठेवले व मिशीवरून हात फिरविला. परंतु त्या हातात नेहमीचा ताठा नव्हता.

नगरच्या मिशन शाळेच्या मैदानात त्या दिवशी नेमबाजीच्या शिक्षकाची निवड होत होती. महायुद्ध समाप्त झाले होते. मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या अधिकाऱ्याने आपले पिस्तूल शाळेस भेट दिले होते. ते मुलांना शिकविण्यास कोणी तरी हवे होते. पुष्कळ उमेदवारांतून दोघेच उरले. एक पाथर्डीकडील, पोलिसातून निवृत्त झालेले सूर्यभान जमादार. दुसरा दानीएल. तो लष्करी कारखान्यातील कारागीर होता. लढाई संपताच त्यास कामावरून कमी करण्यात आले होते. ही जागा न मिळाली तर त्यास पोटासाठी मुंबई गाठणे भाग होते, आणि त्याची पत्नी दीना, जी येथील कन्याशाळेत शिकवीत असे, येथेच राहणार होती. त्यांच्या लग्नास अद्याप वर्षही झाले नव्हते.

दानीएलची अखेरची फेरी आटोपली होती. ती उत्तम झाली होती, व हे त्यास ठाऊक होते. त्याची रीत मात्र लोकांना चमत्कारिक वाटे. तो काळ्या गोलावर नेम धरीतच नसे. गोलाच्या किंचित खाली, पांढऱ्या कागदावर तो पिस्तुलाच्या टोकावरील माशी, म्हणजे नेम धरण्याची बारीक खुंटी, टेकवी. माशी काळी, गोलही काळा. एकावर एक आले की माशी दिसेनाशी होते. पांढऱ्यावर ती स्वच्छ उमटते. शिवाय साहेबाने ते पिस्तूल असे बसवून घेतले होते की, छरा नेमापेक्षा थोडा वर लागे. त्याच्या नेमाच्या स्क्रूला हात लावण्याची कोणासही परवानगी नव्हती.

जमादारांना ही रीत मुळीच मान्य नव्हती. जे मारायचे त्यावरच नेम धरावा, असे ते जन्मभर शिकले होते. दुश्मनाच्या पायाशी नेम धरून कोणी लढाई जिंकली आहे काय, असे ते सकाळपासून सर्वांस विचारीत होते. दानीएलला तर त्यांनी पायधऱ्या असे नावच ठेवले होते. दानीएल त्यावर नुसता हसला होता.

स्पर्धेत लबाडी होऊ नये म्हणून एकाचे निशाणाचे कार्ड दुसऱ्याने काढून आणावयाचे, असा तेथील नियम होता. त्यानुसार दानीएल जमादारांचे सरावाचे कार्ड आणण्यास गेला. कार्ड हाती घेताच तो जागीच थबकला. सर्व छिद्रे गोलाच्या वर होती खरी. परंतु ती इतकी एकवटलेली होती की, एका चिंचोक्याखाली झाकली जावीत. दानीएलची छिद्रे गोलाच्या आत असली तरी विखुरलेली होती. असा हात त्याने आजवर पाहिला नव्हता. आपला हातही तसा नाही, हे त्याच्या तत्काळ लक्षात आले.

तो परतला. अखेरची फेरी आता जमादारांची होती. त्यांनी कार्डाकडे पाहिले नाही. ते केवळ दानीएललाच ऐकू जाईल अशा स्वरात म्हणाले, “ऱ्हाऊ दे, दाखवू नको. हात गेला माझा. म्हातारा झालो.”

दानीएलने मौन पाळले असते तर कोणीही त्यास दोष दिला नसता. पण त्यास ते जमले नाही.

“हात कुठं गेलाय जमादार, हे बघा,” त्याने कार्ड पुढे धरले. “हात माझ्यापेक्षा चांगला आहे. नेम तेवढा खाली घ्या. माशी गोलाखाली पांढऱ्यात टेकवा.”

जमादारांनी त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिले. हा मला फसवितो आहे, असा संशय त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट दिसला. मग त्यांनी कार्ड घेतले. छिद्रांवरून अंगठा फिरविला. अखेर त्यांनी पिस्तूल उचलले.

दीना स्त्रियांच्या घोळक्यातून जवळ आली होती. तिने सर्व ऐकले होते.

“अहो, काय केलंत हे?” ती हळूच म्हणाली.

“बघ तरी जमादार कसे मारतात ते,” दानीएल म्हणाला. त्याची दृष्टी समोर लावलेल्या नव्या कार्डावरून हलली नाही.

जमादारांचा हात वर गेला व किंचित खाली येऊन स्थिर झाला. छऱ्यामागून छरा सुटला. ह्या वेळी कोणीही हसले नाही. दानीएल धावतच कार्ड घेऊन आला. काळ्या गोलाच्या मधोमध एकच मोठे, फाटक्या कडांचे भोक पडले होते. दानीएलनेच ते उंच धरून सर्वांस दाखविले. दीनाने पदराने डोळे टिपले.

शाळेचे प्रमुख पाळकसाहेब उभे राहिले. जमादारांचा विजय झाला असून ही जागा त्यांची आहे, असे त्यांनी जाहीर केले. टाळ्या थांबेपर्यंत जमादार आपला उजवा हात उलटासुलटा करून न्याहाळीत होते. तदनंतर त्यांनी विचारले, “पाळकसायेब, तुमाला नेम मारनारा पायजे, का नेम शिकवनारा?”

“शिकवणारा,” पाळकसाहेब म्हणाले.

जमादारांनी पिस्तूल दानीएलच्या हाती दिले.

“मंग माझं नाव पोरांत घाला.”